एकशे सत्तावीस अंशांचा खोटा ताप

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं, तसा मामांनी समोरचा कागद हळूच स्वतःकडे ओढला.

“बाई, पंधरा मिनिटं द्या. मग खुशाल सही करा, मी अडवणार नाही.”

कागद जुना संगणक भंगारात काढण्याचा होता. अंधांना फोनवरून पुस्तकं ऐकवणाऱ्या त्या छोट्या केंद्रात तो चौदा वर्षं चालत होता, आणि त्याची देखभाल करणाऱ्याला सगळे मामाच म्हणत. रोज चारला श्रोते फोन लावत आणि एका बाईच्या आवाजात मुद्रित केलेलं कादंबरीचं पुढचं प्रकरण त्या संगणकावरून ऐकत. गेल्या सोमवारपासून मात्र संगणक सुरू केला की तांबडी ओळ यायची: तापमान एकशे सत्तावीस अंश. पंच्याऐंशीच्या वर गेलं की बंद हो, हा नियम मामांनीच त्याला घालून दिलेला. बिचारा मिनिटभरात मान टाकायचा. नवा यायला तीन महिने लागणार होते.

तीन महिने अक्काकडे नव्हते. अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. डोळे जाऊन अकरा वर्षं झालेली, आता अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर हल्ली आठवडे सोडून दिवसांची भाषा बोलू लागले होते, आणि कादंबरीची चार प्रकरणं उरली होती. ध्वनिमुद्रण बाहेर न्यायला मनाई, म्हणून मामांनी काल छापील प्रत आणून स्वतः वाचून पाहिलं. दोन पानांतच अक्काने हात वर केला. “पुरे रे. गाड्यांचं वेळापत्रक वाचल्यासारखा वाचतोस. मला आपली ती फोनवरची बाईच हवी.”

दुरुस्तीवाला दाराला टेकून उभा होता. “मामा, एकशे सत्तावीसला पाण्याचीसुद्धा वाफ होते. हा ताप काही गोळीने उतरायचा नाही.”

“कालपासून बंद आहे तो. हात लावून बघ.”

त्याने उघड्या यंत्रात बोट टेकवलं. गार.

मामांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. संगणक उठताक्षणी त्यांनी बंद पडण्याचा नियम थोपवून धरला आणि तिन्ही तापमापकांचे आकडे पडद्यावर आणले. एकोणतीस, एकतीस, एकशे सत्तावीस. मग त्याला मुद्दाम भलंमोठं काम दिलं. पंखा घुमू लागला. पहिला चौतीसवर गेला, दुसरा एक्केचाळीसवर, मग अठ्ठेचाळीसवर. अध्यक्षबाई खुर्ची सोडून मामांच्या खांद्यामागे कधी येऊन उभ्या राहिल्या, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“तिसरा हलत का नाही?” त्यांनी विचारलं.

“कारण तो नाहीच, बाई! खरा ताप चढतो, उतरतो. तिसरा तापमापक या यंत्रात कधी बसवलेलाच नव्हता. रिकाम्या जागेला विचारलं, की तिथे मावणारा सगळ्यात मोठा आकडा येतो, एकशे सत्तावीस.”

मग इतकी वर्षं कसं चाललं, असं बाईंनी विचारलं. मामांचा चढलेला आवाज खाली आला.

“रविवारी लिनक्सची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीची, नवी आवृत्ती मीच चढवली. जुनी त्या जागेला विचारत नव्हती, नवी विचारते. आकडे तेव्हाच ताडून बघायला हवे होते. चूक माझी आहे, आणि दोष यंत्राला लागला.”

बाईंनी पडद्यावरच्या एकशे सत्तावीसवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, सगळे इशारेच बंद करून टाका. मामांनी नकारार्थी मान हलवली. पहिले दोन खरं बोलतात, त्यांचं तोंड बांधलं तर उद्या खरोखर पेटलेलं कळणार नाही. त्यांनी फक्त तिसऱ्याकडे लक्ष न देण्याची एक ओळ लिहिली, नियम पुन्हा लावला आणि संगणक नव्याने सुरू केला. मिनिट गेलं. दोन गेली. दुरुस्तीवाला घड्याळाकडे बघत मोठ्याने मोजत होता. दहाव्या मिनिटाला त्याने मामांच्या पाठीवर अशी थाप मारली, की चष्मा नाकावरून घसरला. बाईंनी कागदावर लिहिलं, तूर्त नको.

चारला केंद्राच्या आठही फोन लाइनींचे दिवे लागले. प्रकरण संपल्यावर ते एकेक करून विझले. सहावा तेवढा तसाच राहिला. ती अक्काची लाइन. मामांनी त्या लाइनीचा फोन कानाला लावून ऐकलं. तिचा रिसीव्हर उशीवरच राहिला होता. पलीकडे अक्का झोपली होती, बारीक घोरत.

अध्यक्षबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात आल्या.

“तुम्ही व्हा पुढे,” मामा कानाचा फोन न काढता हळू आवाजात म्हणाले. “कुलूप मी लावतो.”