मला डोळे हवेत, पण…

सभागृहात धाकटी काट्यावर बसल्यासारखी बसली होती. प्रयोगशाळेत ती डोळ्यांतलं बिघडलेलं जनुक दुरुस्त करायचं काम करी. आज सरकारी समितीची जाहीर सुनावणी होती. असले प्रयोग माणसांवर करण्याआधी बाहेरच्या तपासनिसांची परवानगी सक्तीची करावी की नाही?

संशोधकांच्या बाजूने शेवटी बोलणार होती तिची सख्खी ताई. ताईची नजर वर्षागणिक आक्रसत चालली होती. समोरचा माणूस आता तिला नळीतून पाहिल्यासारखा दिसे. "रुग्णच नियम नकोत म्हणाला, की समितीची बोलती बंद," असं म्हणत प्रयोगशाळेच्या संचालकांनीच ताईला बोलावलं होतं.

मागून कुणी ओरडलं, "उद्या माणसं साच्यातून काढाल!" दुसरा उसळला, "तुमचं पोर आंधळं होत असतं तर?" धाकटीने बाटलीचं झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं, पाणी प्यायचं राहूनच गेलं.

ताई माइक चाचपडत उभी राहिली.

"मला डोळे हवेत. आजच हवेत. पण सुई माझ्या डोळ्यात जाणार. सगळं ठीक आहे का, हे टोचणाऱ्यालाच विचारलं, तर तो नाही कशाला म्हणेल? बाहेरचं कुणीतरी बघायलाच हवं. फक्त बघणाऱ्यांनी फायलीवर झोपा काढू नयेत."

सभागृह हसलं. संचालक हसले नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर धाकटीने ताईचा दंड धरला, जरा जोरातच. "परवानगीत किती काळ जाईल, कळतंय का तुला? स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलास!"

"कळतंय."

"मग?"

"माझी बहीण प्रयोगशाळेत आहे, म्हणून मी निर्धास्त. बाकीच्यांच्या बहिणी कुठे आहेत तिथे?"

"पायरी आहे, जपून," धाकटी म्हणाली.

नियम मंजूर झाला. तपासनीस आले आणि त्यांनी औषधाची मात्रा जास्त असल्याचं दाखवून दिलं. त्यांचं बरोबर होतं, तरी धाकटीचा जळफळाट थांबेना. प्राण्यांवरचे प्रयोग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. रोज ती फोन करी, "आज किती दिसतंय?" ताई कधी खरं सांगे, कधी नाही.

परवानगी मिळाली तेव्हा ताईचा उजवा डोळा पार गेला होता.

"डावा आहे अजून," ताई म्हणाली. "कधी येऊ?"