सोळा व्हॉल्व्ह

धाकट्यानं भिरकावलेला पाना थोरल्याच्या कानाला चाटून गेला आणि गॅरेजच्या मागच्या खिडकीची काच फोडून बाहेर पडला. थोरला वळून बघतो न बघतो तोच पान्यामागोमाग धाकटा स्वतःच आला. त्यानं भावाची कॉलर धरली, त्याला भिंतीवर आपटलं आणि नाकावर असा ठोसा हाणला की रक्ताची धारच लागली. थोरल्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"चारही सिलिंडर मेलेत, दादा! कॉम्प्रेशनचा काटा जागचा हलत नाही! काल संध्याकाळी कसं चालत होतं, आणि आज? काय केलंस माझ्या इंजिनाला?"

"पट्टा बदलला रे," थोरला शर्टाच्या बाहीनं नाक दाबत म्हणाला. "कडेनं उसवला होता. उद्या घाटात तुटला असता. तू पेट्रोल आणायला गेलास, म्हटलं तेवढ्यात करून टाकू."

हे खरं होतं, शपथेवर सांगण्याइतकं खरं. तरी धाकट्यानं दुसरा ठोसा पोटात मारला.

आता या मारामारीचं मूळ सांगायला हवं. बाप गेला तेव्हा हा धाकटा नाक पुसत फिरत होता. थोरल्यानं त्याला वाढवलं, हातात पाना दिला, स्वतःला मूलबाळ नव्हतं म्हणून पोटच्या पोरासारखा जीव लावला. आणि पोरगं निघालं चार व्हॉल्व्हवालं! थोरल्याचा सगळा जन्म जुन्या पुशरॉड इंजिनांत गेलेला. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खाली पोटात, व्हॉल्व्ह वर डोक्यात, मध्ये उभ्या सळ्या. सळी रॉकरला ढकलणार, रॉकर व्हॉल्व्हला दाबणार. साधं, दणकट, वर्षानुवर्षं मार खाणारं काम. धाकटा त्याला हसायचा. "दादा, तुझा मालक तळघरात, नोकर माडीवर. हाक पोचेपर्यंत काम नासतं. जरा पळवलं की व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाहीत, बोंब!" त्याचं स्वतःचं इंजिन ओव्हरहेड कॅमचं. दोन कॅम थेट डोक्यावर, पिस्टन हलवणाऱ्या खालच्या क्रँकशी पट्ट्यानं जोडलेले, एकेका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, दोन हवा घ्यायला, दोन धूर सोडायला. "माणसाला नाकपुड्या दोनच दिल्यात, त्याचं काही अडलं का?" थोरला विचारायचा. "तो कुठं घाट चढून शर्यत जिंकतो?" धाकटा म्हणायचा. वहिनी दोघांना जेवायला हाका मारून मारून थकायची.

उद्याच्या शर्यतीत हे इंजिन नीट वर चढलं की धाकट्याचं भलं होणार होतं. शर्यतीच्या एका मोठ्या चमूचा मुख्य मेकॅनिक त्याला सोबत नेणार होता, दूर, कायमचा. थोरला तोंडानं "जा बाबा, मोठा हो" म्हणत होता. आतून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. धाकटा जाऊ नये, एवढं एकच त्याला जगात हवं होतं.

धाकट्यानं त्याला मानगुटीला धरून इंजिनाकडे ओढत नेलं. झाकण उघडंच होतं. भावाचं तोंड त्यानं कॅमवर दाबलं. लोखंडाची कड गालात रुतली.

"बघ! नीट बघ! पट्टा काढलास आणि नंतर क्रँक फिरवलास ना?"

"क्रँक-कॅमच्या खुणा जुळत नव्हत्या. फिरवावाच लागतो."

"तुझ्या त्या खटाऱ्यात! तिथं रॉकर काढला, सळ्या काढल्या, की सगळे व्हॉल्व्ह स्प्रिंगनं आपोआप मिटतात. मग क्रँक गरागरा फिरव, कोण अडवतंय! इथं कॅम डोक्यावर बसलाय. पट्टा निघाला तरी तो व्हॉल्व्ह दाबूनच बसतो. खालून पिस्टन आला की सरळ थोबाडात! वाकले सगळे! सोळाचे सोळा गेले असतील!"

"मला कसं ठाऊक असणार रे, मेल्या? जन्मभर मी..."

"जन्मभर तू शिकलाच नाहीस! बापासारखाच ठोंब्या!"

बापाचं नाव निघालं आणि थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं कोपर मागं हाणलं. धाकट्याचा ओठ फाटला. मग दोघं जे भिडले ते बाकडं घेऊनच खाली कोसळले. खिळे, नट, डबे फरशीभर उधळले. धाकट्यानं भावाचा उजवा हात बुटाखाली दाबला आणि गुडघा छातीवर रोवला. थोरल्यानं डाव्या हातानं त्याचा गळा आवळला. दोघांनाही श्वास पुरेना, आणि सोडायला कुणी तयार होईना.

मागच्या खोलीतून वहिनी धावत आली. भांडी घासायचं पाणी बादलीसकट तिनं दोघांच्या अंगावर ओतलं.

"जीव घेणार का एकमेकांचा? भाऊजी, उठा! आधी पाय काढा त्यांच्या हातावरून!"

"वहिनी, यानं मुद्दाम केलं. मी जाऊ नये म्हणून केलं!"

"काहीतरीच काय बोलता!" वहिनी नवऱ्याला पाठीशी घालत पुढं झाली. "मुद्दाम करतील ते? अहो, यांच्या हाताला काय कळत नाही? एक नट आडवा बसला तरी बोटाला लगेच समजतं, तिथंच थांबतात. अडलेल्या वस्तूला जोर लावताना मी यांना कधी पाहिलं नाही. क्रँक अडला असता तर..."

ती बोलता बोलता थांबली. आपण काय बोलून बसलो ते तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

धाकट्याचा गुडघा सैल पडला. तो भावाच्या तोंडाकडे बघत राहिला.

"अडला होता ना, दादा?"

थोरल्याला सकाळ आठवली. पट्टा खरोखरच चांगल्या मनानं काढला होता. क्रँक जरासा फिरला आणि अडला. हाताला लख्ख कळलं की आत काहीतरी टेकलंय. तो थांबलाही होता. मग कोपऱ्यातली लांब नळी उचलून त्यानं पान्याला जोडली होती आणि अंगचा सगळा जोर लावला होता.

"अडला होता," तो म्हणाला. "कळलं होतं मला."

"मग?"

"तू गेला असतास रे."

धाकटा उठला. आता तो पुन्हा मारेल, म्हणून थोरल्यानं डोळे मिटून घेतले. मार बसावा असंच त्याला वाटत होतं. पण धाकटा मोरीवर गेला, तोंडावरचं रक्त धुतलं आणि आपली हत्यारं पिशवीत भरू लागला.

"इंजिन नाही, शर्यत नाही. कुठं जाशील?" थोरला ओरडला.

"कुठंही."

थोरला धडपडत उठला. ती लांब नळी भिंतीला टेकून होती, ती उचलून तो दारात आडवा उभा राहिला. नाकातून रक्त ओघळत होतं.

"पाऊल टाकलंस तर तंगडी मोडीन! आईशप्पथ मोडीन! जाऊ देणार नाही मी तुला!"

"अहो!" वहिनी किंचाळली.

धाकटा पिशवी खांद्याला लावून त्याच्यासमोर येऊन थांबला. ना त्यानं हात वर केला, ना मागं सरला.

"मार," तो म्हणाला. "इथंही अडलंय. लाव जोर."

थोरल्यानं नळी डोक्यावर नेली. तशीच धरून तो कितीतरी वेळ उभा राहिला, आणि मग दारातून बाजूला झाला.