हललेली चित्रं

मी एमआरआय मशीन बोलतेय. वाशीमच्या एका तपासणी केंद्रात, तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत माझा मुक्काम आहे. एरवी माझं बोलणं म्हणजे नुसती ठकठक आणि घरघर. आज मात्र मान खाली घालून बोलतेय. मशीनला मान नसते, हे मलाही कळतं. पण लाज वाटायची ती वाटतेच.

परदेशातल्या कारखान्यात जन्मले. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात आठ वर्षं राबले, तिथे नवी मशीन आली आणि मला ट्रकवर घालून इकडे धाडलं. इथे माझी पूजा झाली. कुणीतरी हार घातला, तर त्यातली तार मी अशी खेचली की खोलीभर पळापळ! तेव्हापासून माझ्या चुंबकाच्या ताकदीचा मला भारी गर्व होता. बाया माझ्यापाशी येताना जोडवी काढतात, पुरुष किल्ल्या काढतात. तोंडात काय आहे, ते मात्र कुणी सांगत नाही.

ग्यानबा रिठदचा शेतकरी. कानाखाली, लाळेच्या ग्रंथीत, लिंबाएवढी गाठ घेऊन आला. सोबत मुलगी पौर्णिमा, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. बाहेर बाकावर बसूनही ती अभ्यासाचं पुस्तक वाचत होती.

मला चालवणाऱ्या गणेशनं विचारलं, "काका, बिडी, खर्रा काही?"

ग्यानबानं आधी पोरीकडे पाहिलं. तिची शपथ घेऊन त्यानं दोन्ही सोडल्याचं सांगितलं होतं. "कवाचंच सोडलं," तो म्हणाला. तेव्हाही त्याच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता.

अशा गाठी ओळखायच्या माझ्या दोन रीती आहेत. पहिलीत मी गाठीतलं पाणी किती मोकळं हलतं ते बघते. गच्च गाठीत ते अडकतं. पण कर्करोगाची गाठ गच्च असते, तशी बिडी ओढणाऱ्यांना होणारी एक निरुपद्रवी गाठही गच्चच असते. म्हणून दुसरी रीत. शिरेतून औषध सोडायचं आणि लागोपाठ चित्रं काढत राहायचं. त्या निरुपद्रवी गाठीत औषध बहुतेकदा झटकन येतं आणि झटकन निघून जातं. वाईट गाठीत ते येतं आणि ठाण मांडून बसतं.

पहिली चित्रं बरी आली. गाठ गच्च होती. मग औषध सोडलं आणि नेमकं तेव्हाच ग्यानबाचं तोंड लाळेनं भरलं. थुंकायची सोय नाही, गिळायचीही चोरी. जबडा हलत राहिला आणि माझी सगळी चित्रं फरकटली. केसातल्या एका पिनेसाठी आकांडतांडव करणारी मी, तेव्हा गप्प बसले.

बाहेर रांग लागली होती. गणेश पडद्याकडे बघून म्हणाला, "चालते. गाठ तं दिसून राह्यली." औषध थांबलं की निघून गेलं ते कळत नव्हतं, म्हणून दूर शहरात बसून चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरांनी जे दिसलं त्यावरून लिहिलं, कर्करोगाची शंका नाकारता येत नाही.

पुढचं मला महिन्यानं कळलं, बापलेक परत आले तेव्हा. गावाकडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशनात चेहऱ्याची नस कापावी लागेल कदाचित, तोंड वाकडं होईल. ग्यानबानं 'शंका' सोडून दिली आणि 'कर्करोग' तेवढा धरला. "तोंड सरळ आहे तंवर पोरीचं लग्न पाहू द्या मले," म्हणत त्यानं केनवडचं स्थळ पक्कं केलं आणि तीन आठवड्यांत लग्न उरकलं. पौर्णिमा नाही म्हणाली नाही. मरायला टेकलेल्या बापाला कोण नाही म्हणेल? सासरच्यांनी कॉलेज बंद केलं.

मग ते अकोल्याच्या सर्जनकडे गेले. सर्जननी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, ही हललेली चित्रं आहेत. त्यांनी गाठीत सुई घालून तपासणीला नमुना घेतला आणि मला पुन्हा चित्रं काढायला लावली.

या वेळी बापाचा फुगलेला गाल पाहून पौर्णिमानंच कचऱ्याचा डबा त्याच्यापुढे धरला. हातभर बांगड्या वाजल्या. "थुका, बाबा."

ग्यानबा थुंकला.

"तवाबी होता?"

त्यानं मान हलवली.

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तुह्यासमोर लाज वाटली व माय."

तो अगदी निश्चल पडून राहिला. चित्रं स्वच्छ आली. औषध आलं आणि निघून गेलं. गणेशनं फोन लावून डॉक्टरांना चित्रं दाखवली आणि धावत बाहेर गेला. "ताई, साधी गाठ दिसून राह्यली, म्हणतात डॉक्टर!" पुढे दोन दिवसांनी सुईचा अहवालही तोच आला.

गणेशचं ऐकून ग्यानबा तिथंच ढसढसा रडला. पौर्णिमा हसली, पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "हे एका महिन्याआधी दिसलं असतं तं?"

ग्यानबानं मान खाली घातली. गणेशनंही घातली. मान नसूनही मीही घातली.

माझ्यापाशी याल तेव्हा तोंड रिकामं करून या आणि खरं ते सांगा. माझ्या मोठ्या आवाजाला भुलू नका. चित्रं हलली असतील तर पुन्हा काढा म्हणून हटून बसा, त्यासाठी दुसऱ्या दिवशी यावं लागलं तरी या. पहिल्यांदा चित्रं हलली तेव्हा पौर्णिमाच्या शेवटच्या परीक्षेला दोनच महिने उरले होते.