कंपनीची कढई, घरची कढई

वसाहतीत ‘आचारी’ म्हटलं की एकच माणूस डोळ्यांपुढे येई. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्याची उभी हयात गेली होती. एका पाळीला चारशे माणसं जेवून उठायची. फावड्याएवढा झारा तो चमच्यासारखा फिरवायचा आणि मीठ घालायचं ते ओंजळीनं. हाताला चव अशी की एरवी कुणाशी धड न बोलणारे मुकादमसुद्धा त्याच्याशी गोड बोलून दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे.

घरी मात्र या गृहस्थानं कधी पाण्याचा पेलाही स्वतः भरून घेतला नव्हता. “दिवसभर आगीपाशी असतो, घरी तरी बसून खाऊ दे,” म्हणायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घरी रांधायची त्याची बायको. तिला सगळे ‘आचारीणबाई’ म्हणत, पण ते तिच्या स्वयंपाकामुळे नव्हे. मास्तरांची मास्तरीण, तशी आचाऱ्याची आचारीण.

तिचा जीव होता शिलाई मशीनमध्ये. घरी बसून ती शर्टांच्या कॉलर शिवून द्यायची. मशीन बिघडलं की दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसण्याचा तिला कंटाळा, म्हणून एकदा तिनंच ते पालथं घालून खोललं आणि परत जोडलं. एक स्क्रू उरला, पण मशीन चाललं. मग शेजारणीचं, तिच्या बहिणीचं, करता करता अख्ख्या वसाहतीतली मशीनं तिच्या खाटेखाली येऊन पडू लागली. आचारी कुरकुरायचा, “घर आहे का गॅरेज?” ती हसायची आणि तेलाची कुपी शोधायची.

अशात कारखान्यानं कॅन्टीन बंद करून बाहेरून जेवणाचे डबे मागवायला सुरुवात केली आणि आचारी घरी बसला. त्याच सुमारास पलीकडच्या कपड्यांच्या कारखान्यातला म्हातारा फिटर निवृत्त होत होता. आचारीणबाईनं जोडलेली मशीनं त्यानं पाहिली होती. त्यानं मॅनेजरला सांगितलं, “माझ्या जागी माणूस शोधताय ना? बाई चालेल का ते बघा, कारण माणूस सापडलाय तो बाई आहे.”

“अहो, मला बोलावलंय,” तिनं जेवताना सांगितलं.

“शिवायला?”

“नाही. मशीनं दुरुस्त करायला. फिटर म्हणून.”

आचाऱ्याचा घास हातातच राहिला. कोपऱ्यात त्याची म्हातारी आई जेवत होती. कान अधू, पण ऐकायचं ते तिला बरोबर ऐकू यायचं. ती म्हणाली, “आणि घरचं कोण बघणार?”

बायकोची मान खाली गेली, आणि ते आचाऱ्याला बघवेना. तो तोऱ्यात म्हणाला, “मी चारशे माणसांना जेवू घातलंय. तिघांचं काय घेऊन बसलीस? जा तू.”

बोलून गेला खरा, पण दुसऱ्या दिवशी नाकी नऊ आले. तिघांच्या भाताला पाणी किती, हे त्याला ठाऊकच नव्हतं. भाजी झाली ती पंधरा माणसांची, आणि मीठ पडलं ते पन्नासांचं. कॅन्टीनमध्ये कांदे चिरायला दोघं, भांडी घासायला चौघं, बाजार आणायला गाडी. इथं सगळं एकट्यानं, तेही गुडघ्याएवढ्या ओट्यावर वाकून. ओटा बायकोच्या उंचीला बेतलेला, आणि ती त्याच्या खांद्याइतकीही नव्हती. पातेलं घासून पालथं घालावं, तर चहाची वेळ. चहाचे कप विसळावेत, तर रात्रीचं काय करायचं ते डोक्यात.

म्हातारी दारात बसून कपाळाला हात लावायची. “काय दिवस आले! माझ्या लेकाच्या हातात कढई!”

“अगं आई, आयुष्यभर कढईच होती की हातात.”

“ती कंपनीची होती.”

त्यानं कढई घासायला घेतली. झारा तोच, आग तीच. तिथं त्याला उस्ताद म्हणायचे, पगार आणि रविवारची सुट्टी मिळायची. इथं त्याच कामाला आजवर साधं नावही नव्हतं.

संध्याकाळी बायको आली. नखांत तेल, केसांत सुताचे तंतू. समोर आलं ते खारट कालवण तिनं मुकाट्यानं संपवलं.

“खारट झालंय ना?” त्यानंच विचारलं.

“थोडंसं.”

“मग बोलत का नाहीस?”

“तुम्ही दमलाय,” ती म्हणाली.

हे वाक्य या घरात याआधी कुणी कुणाला म्हटलं होतं का, हे त्याला आठवेना. आपण तर नक्कीच म्हटलं नव्हतं.

हळूहळू त्याचा हात बसला. ओंजळ गेली, चिमूट आली. मोठी पातेली त्यानं माळ्यावर टाकली आणि ओट्यावर विटा रचून शेगडी आपल्या कमरेपर्यंत उचलून घेतली. बायको म्हणाली, “आता मी आत आले तर मला पाट लागेल.” तो म्हणाला, “येतेस कशाला?”

एकदा ती डबा विसरून गेली, म्हणून तो डबा घेऊन कारखान्यात गेला. मोठ्या दालनात मशीनांच्या रांगाच रांगा, पण एक अख्खी रांग थंड पडली होती. तिथल्या बायका हात बांधून उभ्या होत्या. मॅनेजर घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. मशीनखालून फक्त दोन पावलं बाहेर आली होती. चप्पल त्याच्या ओळखीची होती.

“कोण पाहिजे?” एका मुलीनं विचारलं.

“मी... या फिटरबाईंचा नवरा.”

“अय्या, मग बसा ना! बाईंना आता हाक नका मारू हं, त्या ऐकतायत.”

त्यानं वाकून पाहिलं, तर खरंच ती ऐकत होती. एक हात रांगभर फिरणाऱ्या पट्ट्यावर ठेवून, डोळे मिटून, चाक हळू फिरवत होती. एखादी आई तापातल्या पोराच्या छातीला कान लावते तशी. मग तिनं पाना मागितला, आत काहीतरी किंचित फिरवलं आणि म्हणाली, “लावा.” रांग सुरू झाली. बायकांनी टाळ्या पिटल्या. मॅनेजर हुश्श करून निघून गेला. ती सरपटत बाहेर आली, गालावर काळा फराटा, आणि नवऱ्याला बघून चक्क लाजली.

आचारी डबा देऊन परतला. इतकी वर्षं ही बाई आपल्या घरात होती, खाटेखालच्या मशीनांशी असंच बोलत होती, आणि आपण म्हणत होतो, घर आहे का गॅरेज!

थंडीत म्हातारी पडली. हाड मोडलं नाही, पण अंथरूण धरलं. तिला उठवणं, भरवणं, कपडे धुणं आचाऱ्याच्या अंगावर आलं. पहिल्या दिवशी तिनं तोंड फिरवलं. “सुनेला रजा घ्यायला सांग. हे पुरुषाचं काम नव्हे.”

“मला जमत नाही म्हणतेस? की मी केलेलं चालत नाही?”

त्यानं तेल कोमट केलं आणि तिचे विस्कटलेले केस सोडवायला घेतले. गुंता ओढला की ती “हळू!” म्हणून ओरडायची, आणि तो म्हणायचा, “शिकतोय.” चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं स्वतःहून फणी त्याच्या पुढे केली.

ती हिंडू-फिरू लागली तोच बायकोनं बातमी आणली. नवी स्वयंचलित मशीनं येणार होती. ती शिकायला कुणाला तरी तीन महिने दुसऱ्या शहरात पाठवायचं होतं, आणि मॅनेजरनं तिचं नाव काढलं होतं.

“मी नाही म्हणून सांगितलं,” ती म्हणाली. “आई आत्ताच उठल्यात. बरं दिसत नाही.”

आचारी काही बोलणार, तेवढ्यात म्हातारीनं काठी आपटली. “कुणाला बरं दिसत नाही?”

“आई, लोक...”

“लोकांना माझे केस विंचरायला बोलव. बघू किती येतात ते.” ती दम खायला थांबली. “लग्नाआधी मी सूतगिरणीत होते. तुटलेला धागा माझ्याइतका झटपट कुणी जोडत नव्हतं. लग्न ठरलं आणि गिरणी सुटली. जाशील का, राहशील का, मला कुणी विचारलंच नाही. तुला विचारतायत, तर तू तोंड वर करून नाही म्हणून आलीस?”

आपली आई कधी गिरणीत होती, हे आचारी पहिल्यांदाच ऐकत होता. त्यानं विचारलं, “आई, हे कधी सांगितलं नाहीस?”

“इतकी वर्षं तू कधी स्वयंपाकघरात बसलास? बायका बोलतात त्या तिथं.”

आचारीणबाई गेली. तीन महिने मायलेक दोघंच. तो भाजी निवडायचा आणि म्हातारी गिरणीच्या गोष्टी सांगायची: कोण मुकादम तिला घाबरायचा, कोणती मैत्रीण सुताच्या चात्या फिरताना गाणी म्हणायची. आचारी ऐकताना हात थांबवायचा नाही, पण भाजी सावकाश निवडायचा.

बायको परतली ती दुरुस्ती विभागाची प्रमुख होऊन. हाताखाली दोन मुलं आणि दोन मुली. आचाऱ्यानंही तोवर जवळच्या शाळेत सकाळी मुलांचं जेवण रांधायचं काम धरलं होतं. संध्याकाळी घरी जो आधी येईल तो कुकर लावायचा. भांडणं व्हायचीच, बहुतेक विळी कुठं ठेवली यावरून.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती सासूला नव्या मशीनांबद्दल सांगत बसली. पायानं पट्टी दाबली की धागा आपोआप कापला जातो, तुटला तर मशीन स्वतःच थांबतं.

म्हातारीला ते काही पटलं नाही. “मग जोडतं कोण?”

“जोडायला माणूसच लागतं, आई.”

“हां,” म्हातारी म्हणाली, आणि तिनं सुनेचा हात ओढून मांडीवर घेतला. नखातलं तेल पदरानं पुसून बघितलं. ते काही निघालं नाही.

“राहू दे,” ती म्हणाली. “शोभतंय.”