जपानातला बांध

“आगं, तो बांध कोरतोय! त्याला म्हणावं, बांधाला हात लावू नगं!”

पवनानगरच्या चहाच्या टपरीवर उभे राहून अंबाजीभाऊ मोबाइलवर असे काही ओरडले, की धरणाकडं निघालेल्या पर्यटकांनी गाडीच्या काचा खाली केल्या. पडद्यावर जपानातलं एक खेडं दिसत होतं. डोंगराच्या पायथ्याशी भाताची खाचरं, एक जुनं लाकडी घर, आणि घरामागच्या पडीक खाचराच्या बांधावर विळ्यानं गवत कापणारा एक वाकलेला म्हातारा.

“आबा, हळू बोला. ऐकू जातंय त्यांना,” भाऊंच्या लेकीचा, प्रेरणाचा आवाज आला.

“जाऊ दे की! शेजाऱ्याला पयल्या दिवशी दाबला न्हाई, तर दुसऱ्या वर्षी नांगर आपल्या वावरात घालतो.”

म्हाताऱ्यानं विळा खाली ठेवला, मोबाइलकडं तोंड केलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

“बघ! सापडला म्हणून कसा वाकला!” भाऊ टपरीवाल्याला म्हणाले.

अंबाजीभाऊंचा सगळा जन्म जमिनीच्या दलालीत गेलेला. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला जीपमध्ये घालायचं, धरणाचं पाणी दिसेल अशा टेकाडावर उभं करायचं, आणि वारा सुटला की “हवा बगा सायेब” म्हणायचं. असा माणूस लेकीच्या जपानातल्या घरखरेदीत खोट काढायला बसल्यावर काय विचारता! घर एवढं स्वस्त कसं? नक्की त्या घरात कुणीतरी फास लावून घेतला असणार. घरमालकाची पुतणी प्रेरणाला दर खेपेला काकड्या देते? म्हणजे काहीतरी झाकतेय. “मी गिऱ्हाइकाला करवंदं चारतो, ती काय माया म्हणून व्हय?”

प्रेरणा नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात लागली, तिथंच जपानी शिकली आणि दुभाषी म्हणून थेट जपानला गेली. इथवर भाऊ छाती काढून सांगत. पण आता तिला तिकडच्या खेड्यात घर घ्यायचं होतं, घरामागच्या खाचरासकट. परदेशी माणसाला तिथं जमीन घेता येते हेच भाऊंना पटेना.

“आपल्याकडं पुण्याच्या मानसाला शेतकरी असल्याचा दाखला नसंल तर वावर घेता येत न्हाई, आन तिकडं मावळच्या पोरीला देत्यात?”

“घर देतात आबा. शेताला मात्र गावच्या समितीची परवानगी लागते. घेणाऱ्यानं स्वतः कसलं पाहिजे.”

हे ऐकून भाऊंना पहिल्यांदा जपानी लोकांबद्दल आशा वाटली. समिती म्हणजे नकार, आणि नकार म्हणजे पोर परत. नोकरी आज आहे, उद्या नाही. पण एकदा खाचरात पाय रोवला, की माणूस त्या गावचा होतो. भाऊंना लेक जवळ हवी होती, एवढंच. ते कुणाला सांगता येत नव्हतं म्हणून ते काकड्यांवर घसरत होते.

संध्याकाळी प्रेरणाचा पुन्हा फोन आला.

“आबा, तुम्ही ज्यांच्यावर ओरडलात ना, ते मोरितासान, म्हणजे आपले मोरिताराव. समितीत तेच आहेत. त्यांचा होकार नसेल तर काही होत नाही.”

“मग बांध कशाला कोरत व्हते?”

“कोरत नव्हते. मालक शहरात गेल्यापासून ते गवत कापतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी काही देत नाही. रान माजलं तर खाचर मरेल म्हणून.”

भाऊंनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. दुसऱ्याच्या बांधावरचं गवत फुकट कापणारा माणूस त्यांनी उभ्या मावळात पाहिला नव्हता.

“आन मी काय म्हणालो ते सांगितलंस त्येला?”

“सांगितलं, आबा म्हणतात बांध लय झ्याक ठेवलाय. त्यांना आनंद झाला. आता त्यांना तुमच्याशी बोलायचंय. उद्या. आपली माणसं शेतकरी आहेत म्हणाले मी, तर आपलं शेत दाखवा म्हणतात.”

फोन ठेवून भाऊ ताटावर येऊन बसले. शेत होतं कुठं? भाऊंनी दुसऱ्यांच्या जमिनी विकता विकता आपल्याही विकल्या होत्या. शेवटचं खाचर प्रेरणा जपानला गेली त्या वर्षी मुंबईच्या एका डॉक्टरनं घेतलं.

“पोर तिकडं राहू नये म्हनून तुमचं तोंड सुटलं,” भाऊंच्या पत्नी रतनबाई म्हणाल्या.

“तुला वाटतंय व्हय, तिनं तितंच ऱ्हावं?”

“मला वाटतंय, तिच्या मनासारखं व्हावं.” आणि त्यांनी ताटात भाकरी जरा जोरातच आदळली.

दुसऱ्या दिवशी भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, छत्री घेऊन डॉक्टरच्या खाचरावर हजर झाले. डॉक्टरनं नुसतं कुंपण घातलं होतं. बंगला अजून कागदावरच होता. तोवर राखणदार जानू तिथं भात करी. चिखलणी उरकून त्याची लावणी चालली होती.

“जानू, अर्धा तास हे वावर माझं. तू माझा गडी.”

“डाक्टरला कळलं तर, भाऊ?”

“डाक्टर मुंबईत एसीत हाय. धर मोबाइल.”

“गडी मोबाइल धरनार आन मालक लावनार व्हय? मग रोज या की.”

जानूनं एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरला. जपानला आधी त्याचं नाक दिसलं, मग आभाळ, मग एकदाचे गुडघाभर चिखलात उभे असलेले भाऊ. तिकडं प्रेरणा आणि मोरितासान शेजारी शेजारी बसले होते. म्हाताऱ्यानं पुन्हा वाकून नमस्कार केला. या वेळी भाऊही वाकले.

मोरितासान काहीतरी बोलले.

“विचारतायत, हे शेत तुमचं का?” प्रेरणा म्हणाली.

‘व्हय’ हा शब्द भाऊंच्या जिभेवर तयारच होता. असे किती ‘व्हय’ त्यांनी आजवर दिले होते. पाणी आहे का? व्हय. रस्ता आहे का? व्हय. पण समोरचा म्हातारा त्यांच्याकडं असा बघत होता, की सांगाल ते तो खरंच धरणार. काल आपण याला चोर ठरवलं हे आठवून भाऊंना लाज वाटली.

“न्हाई,” ते म्हणाले. “व्हतं. मी विकलं. आता डाक्टरचं हाय आन राबतोय हा जानू.”

“आबा! हे कसं सांगू मी?”

“हाय तसं सांग.”

प्रेरणानं सांगितलं. सांगताना तिचा चेहरा पडला होता. म्हाताऱ्यानं भाऊंच्या गुडघ्यापर्यंतचा चिखल निरखून पाहिला. मग त्यानं एक छोटा प्रश्न विचारला.

“विचारतायत, लावता येतं का अजून?”

भाऊंनी रोपांची मूठ उचलली. वाकले. दोन-तीन काड्या चिखलात रोवायच्या आणि एक पाऊल मागं. पहिली चार रोपं वाकडी गेली. मग हात आपोआप चालायला लागला. ते खुशीत आले, भराभर मागं सरकू लागले, आणि मागच्या खोलगटात पाय जाऊन इस्त्रीच्या शर्टासकट धपकन चिखलात बसले.

जानू एवढा हसला की जपानला भूकंप झाल्यासारखं दिसलं असणार. पण तिकडूनही हसण्याचा आवाज आला. मोरितासान मांडीवर थाप मारून हसत होते.

“म्हणतायत, तेही दर वर्षी असेच बसतात,” प्रेरणा हसत, डोळे पुसत सांगू लागली. “त्यांचा मुलगा टोकियोला असतो, येत नाही. म्हणतायत, माझ्यामागं या बांधाचं गवत कोण कापणार? ही राहणार असेल तर माझी हरकत नाही... आबा, हो म्हणाले ते!”

भाऊ चिखलातून उठले. आनंद झाला, आणि त्याच्याबरोबरच मनात आलं, गेली पोर. आपणच लावून दिली.

“प्रेरणा, त्यास्नी म्हणावं,” ते म्हणाले, “आमची लेक एकटी हाय. तिला सांभाळून घ्या. काय चुकलंमाकलं तर पदरात घ्या.”

लग्नात लेक देताना बोलायचं वाक्य ते असं चिखलात उभं राहून बोलून गेले.

“आबा, हे मी कसं सांगू? माझंच?”

“मग दुसरं कोन हाय तितं सांगाया?”

ती म्हाताऱ्याकडं वळली. बोलायला लागली, थांबली, पुन्हा बोलली. मोरितासाननी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हात जमिनीवर टेकवले आणि इतके वाकले की पडद्यावर फक्त त्यांचे पांढरे केस दिसत राहिले. भाऊंनी चिखलाचे हात जोडले.

पडदा काळा झाला.

“भाऊ, कट झालाय फोन,” जानू म्हणाला.

“व्हय,” भाऊ म्हणाले, पण हात सोडले नाहीत.

जानूनं मोबाइल बांधावर कोरड्या जागी ठेवला, त्यावर छत्री उघडी ठेवली आणि रोपांची एक मूठ भाऊंच्या पुढं धरली. भाऊंनी ती घेतली आणि वाकले.