सोवळ्यातलं चालान

पिंडांवर तीळ वाहताना बिंदुमाधवशास्त्रींच्या पिशवीतला फोन थरथरला. मंत्र सुटला नाही, पण लक्ष उडालं.

कालपासून त्यांना ह्याच थरथरीची धास्ती होती. पितृपक्षात मध्यान्हीच्या तेवढ्याशा वेळात दोन घरची श्राद्धं करायची, तर ब्रह्माघाटच्या गल्लीबाहेर लावलेली स्कूटर हाच आधार. ई-रिक्षात बसलं की चार जणांचा स्पर्श, मग पुन्हा आंघोळ, पुन्हा सोवळं, आणि दुसऱ्या घरची वेळ टळली. स्वतःच्या स्कूटरवर मात्र सोवळं टिकतं, असा निर्णय त्यांनी आपल्यापुरता देऊन टाकला होता. "आणि हेल्मेट सोवळ्यात बसतं वाटतं?" असं त्यांची बायको शरदिनी दर वर्षी विचारी.

वाटेत एक शाळा लागे. तिथं पंचवीसच्या वर जायचं नाही. दोनदा ते सापडले होते. दुसरा दंड भरताना हवालदारानं बजावलं होतं, "पंडितजी, अगली बार लाइसेन्स तीन महीने के लिए गया." आणि काल, नेमकी धाकटी मुलं सुटायच्या वेळी, रस्ता मोकळा बघून ते तिथून सुसाट गेले होते.

फोन पुन्हा थरथरला. सोवळ्यात त्याला हात लावता येईना.

यजमान रत्नाकर बँकेत होते, नागपूरहून इकडे उत्तरेत बदलून आलेले. पिंडदान आटोपल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, आमची मृणालिनी बघेल हवं तर."

"बघ गं बाई. माझा जीव थाऱ्यावर नाही."

कॉलेजात जाणाऱ्या मृणालिनीनं फोन उघडला. "चालान आहे. कालचं, शाळेसमोरचं. वेग सत्तेचाळीस. लायसन्सच्या सुनावणीला बोलावलंय."

"घाबरता काय गुरुजी?" रत्नाकर म्हणाले. "भाचा चालवत होता म्हणून सांगा. हेल्मेटात कोण ओळखतंय?"

"रेशमी धोतर नेसून स्कूटर चालवणारा भाचा कुठून आणायचा, बाबा?"

"आमचा प्रल्हाद नेसतो," शास्त्री हळूच म्हणाले. प्रल्हाद त्यांच्याच हाताखाली शिकलेला. मामासाठी नाही म्हणाला नसता. "दिसतोही माझ्यासारखाच. फोटो दाखव बरं."

मृणालिनीनं फोन लांबूनच त्यांच्यापुढे धरला. ते वाकले. स्कूटर, पांढरे पट्टे, आणि पट्ट्यांच्या कडेला दोन लहान मुली. एकीनं दुसरीला दप्तर धरून मागे ओढलं होतं. ओढलेलीचा पाय अजून हवेत होता.

"ह्या तिथं होत्या?"

"पट्ट्यांवरच आहेत, गुरुजी."

"मी रस्ता मोकळा बघितला होता." ते आणखी वाकले. "ही पडली असेल का?"

"ह्यात नाही कळत."

"प्रल्हादला फोन लाव. म्हणावं, दुसऱ्या घरी तूच जा, मी येत नाही."

"आणि चालानचं?" रत्नाकरांनी विचारलं.

शास्त्री तोवर जिना उतरत होते.

स्कूटर त्यांनी शाळेच्या अलीकडेच उभी केली. घंटा झाली आणि मुलांचा लोंढा त्यांच्या सोवळ्याला घासून दोन्ही बाजूंनी वाहू लागला. ते वाकून एकेक चेहरा बघत राहिले. सगळ्या वेण्या सारख्याच दिसत होत्या. शेवटी त्यांनी फाटकावरच्या चौकीदाराला गाठलं.

"भैया, कल यहाँ कोई बच्ची गिरी थी क्या?"

"गिरी तो थी. कोहनी छिल गई. आज आई नहीं." चौकीदारानं त्यांच्या धोतराकडे, मग हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं. "उसके पिताजी पूछ रहे थे, स्कूटर पर कौन था. आप कुछ जानते हैं?"



"मैं था," शास्त्री म्हणाले. "घर बताइए उनका."