तेरा पांढरी अंडी

नाशिक रोडच्या हॉटेलांत आता बाराही महिने ऑम्लेट मिळतं.

सायखेड्यात जेवणाऱ्याचा डावा हात सारखा ताटावर फिरत असतो. माशा.

गिरणीत सांडलेली कणी पूर्वी कुणीही पदरात भरून न्यायचं. आता गिरणीवाला ती झाडून पोत्यात भरतो.

पहाटे गावात कोंबडा आरवत नाही. तरी गाव उठतं.

बयाबाईच्या चुलीमागं, पाटीत, काबरी कोंबडी उबवणीच्या ओढीनं खुडूक बसली आहे.

सगळ्याचं मूळ नाल्यापलीकडच्या शेडात. खंडेरावांनी तिथं पोल्ट्री घातली त्याला सात वर्षं झाली होती. पत्र्याखाली, जाळीच्या पिंजऱ्यांत, दहा हजार पांढऱ्या कोंबड्या. गेल्या उन्हाळ्यात शेडात मानमोडी शिरली. रोग गावच्या कोंबड्यांनी आणला असं ठरलं, आणि खंडेरावांचा निरोप घरोघर गेला: ज्या घरात कोंबडी, त्या घराला शेडात काम नाही. निम्म्या बाया शेडात कामाला. आठवड्यात गावातली खुराडी रिकामी झाली. फारसं कुणी हळहळलंही नाही. दुकानातलं अंडं स्वस्तच होतं.

बयाबाई शेडात जात नव्हती. तिनं काबरी ठेवली, माहेराहून आलेल्या कोंबडीच्या वंशातली.

बयाबाईचा हात उबवणीला चांगला. बाया आपापली खुडूक कोंबडी आणि अंडी तिच्याकडं आणून बसवायच्या. निघतील ती पिल्लं अर्धी हिची, अर्धी तिची. एकवीस दिवस कुणी ना कुणी डोकावायचं. चहा व्हायचा, सासवांचा उद्धार व्हायचा, आणि उठताना लुगडं झटकत बाया म्हणायच्या, कोंबडी बघायला आलो नि दिवस बुडाला की. नवरा गेल्यावरही त्या घराला माणसांचा तोटा नव्हता.

आता दिवसच्या दिवस कुणाचं पाऊल वाजत नसे. बयाबाईनं मनाशी धरलं, काबरीखाली पिल्लं निघू देत, मग येतील.

दिवस पहिला

गावात कोंबडा उरला नव्हता, म्हणजे काबरीची अंडी वांझ. बयाबाईनं शेडच्या फाटकावर केरू राखणदाराला गाठलं.

"तेरा दे. ताजी बघून."

"तेराच का? डझन घे की मावशे."

"बसवायला विषम लागतात."

"बसव बाई," केरू हसला. "मी फाटकावरचा माणूस. आत काय चालतं मला काय ठाव."

बयाबाईला शंका नव्हती. बारा कोंबड्यांमागं एक कोंबडा गरिबाच्या दारातही असतो. इथं तर दहा हजार. तिला आत कधी कुणी सोडलं नव्हतं.

परतताना नाल्याच्या त्या अंगाला चतुराबाई दिसली, जुनी शेजारीण, लगबगीनं कामावर निघालेली.

"काबरी बसवतेय गं. एकविसाव्याला ये."

चतुराबाईनं हात हलवला. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

दिवस अठरावा

या दिवशी अंडी कोमट पाण्यात सोडायची असतात. आत जीव असेल तर अंडं डोलतं. विहिरीचं पाणी शेडच्या खताच्या ढिगामुळं वास मारत होतं, म्हणून बयाबाई गोदेवर जाऊन कळशी भरून आली. पाणी कोमट केलं. अंडी सोडली.

तेरा अंडी गप्प राहिली.

"पांढरी जात," ती काबरीला म्हणाली. "मंद असंल." आणि एकेक पुसून पुन्हा तिच्या पोटाखाली सारलं.

दिवस तेविसावा

चतुराबाई आली. पण कुंपणाबाहेरच थांबली.

"आत ये की. आधण ठेवते."

"नगं. तुझ्याकडं कोंबडी हाय. पाय आत पडला नि कुणी सांगितलं तर माझं शेडातलं काम बंद. निघाली का पिल्लं?"

"व्हतील. शेडातली हायेत, उशीर लागत असंल."

चतुराबाई हसायला लागली, मग थांबली. "बया, तिथं कोंबडा नाय गं."

"दहा हजारात एक बी नाय?"

"एक बी नाय. पिल्लं बाहेरनं येत्यात. अंड्यातून निघाली की तिकडंच निवडत्यात. नर टाकून देत्यात."

"टाकत्यात म्हंजी?"

"टाकत्यात म्हंजी टाकत्यात." तिनं डोळ्यापुढची माशी हाकलली. "आन् आमच्या त्या कोंबड्या खुडूक बी व्हत नायत. दिवे लावून ठेवत्यात, घालतच राहत्यात."

बयाबाईनं मागं वळून चुलीकडं पाहिलं.

"ती काबरी देऊन टाक कुणाला तरी," चतुराबाई हळूच म्हणाली. "विंचूरला तुझी भाची हाय ना. मग मी रोज येत जाईन. समद्याच येतील. तुला काय वाटतं, आमचं मन व्हत नाय?"

"आधी सांगायचंस."

"तू इचारलंस कुठं?"

शेडाकडून भोंगा झाला. चतुराबाई गेली.

बयाबाईनं अंडी काढली. काबरीनं तिच्या मनगटाला दोनदा टोचलं. परसात खड्डा करून तेराही पुरली, वर दगड ठेवला. आत आली तर काबरी रिकाम्या पाटीत पंख पसरून तशीच बसलेली. खुडूक मोडायला कोंबडीला गार पाण्यात बुचकळतात. विंचूरला जायला दुपारची एसटी होती.

तिनं पाणीही घेतलं नाही आणि एसटीही धरली नाही. चुलीमागं पाट ओढून ती काबरीजवळ बसली. अंगणात कुणी आलं नाही.

लग्न होऊन सासरी येताना बयाबाईच्या आईनं तिच्याबरोबर एक कोंबडी दिली होती. त्या कोंबडीनं वाटेत बैलगाडीतच अंडं घातलं.